जाखाईनं लावलेलं खाचर

त्या वर्षी मी जाखाईशी बोलणं टाकलं होतं. देवळामागच्या झऱ्यावर पाण्याला रोज जावं लागायचं, पण जाता-येता मान मुद्दाम दुसरीकडे वळवायची. घरातल्या दिव्याला तेल घालायचं तेही हात जोडल्याशिवाय. देवाशी कुणी अबोला धरतं का, असं शहाणी माणसं विचारतील. आम्ही धरतो. जाखाई आमच्या गावची आई, कळसूबाईची धाकटी बहीण म्हणतात तिला, आणि आईवर रुसायचं नाही तर कुणावर? माझा राग एवढाच होता की आमच्या ह्यांनी तिच्या देवळाची पायरी कधी चुकवली नव्हती, आणि नेमके तेच आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर बांधावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. मी तिला विचारलं होतं, का? तिनं उत्तर दिलं नाही, म्हणून मीही गप्प बसले.

आमचं गाव भंडारदऱ्याच्याही वर, डोंगराच्या कुशीत आहे. धरणावर येणारी पर्यटक मंडळी कधीमधी वाट चुकून आमच्यापर्यंत येतात, गाडीची काच खाली करतात, काय हो तुमचं नशीब, स्वर्गात राहता म्हणतात, आणि पाऊस वाढला की काच वर करून निघून जातात. त्यांचं खोटं नाही. पण ह्या स्वर्गात पावसाळ्यात रस्त्यावर दरड आली की एसटी खालच्या फाट्यावरूनच मागे फिरते, वीज गेली की कधी येईल ते विचारायची सोय नसते, मोबाईलला रेंज हवी तर देवळाच्या कट्ट्यावर चढावं लागतं, आणि चैत्र-वैशाखात तोच झरा वाटीनं उपसावा लागतो. तरी सांगते, मी लग्न होऊन आले ती इथलीच झाले. आमच्या खाचरांचे बांध आमच्या माणसांनी हातानं दगड रचून उभे केलेत. डोंगर उतरता आहे, त्याला पायऱ्या पाडून त्यात पाणी थांबवायचं आणि भात पिकवायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. खालच्या मुलखातले उसाचे बागायतदार पाहुणे म्हणून आले की मी त्यांना मुद्दाम बांधावरून फिरवते. त्यांचे पाय थरथरतात, आणि मला, खरं सांगते, बरं वाटतं.

इथली शेती एकट्याच्या बळावर होत नाही. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा, शेण पसरून जमिनीचा तुकडा जाळून घ्यायचा. पाऊस पडला की त्यात बी फेकायचं, रोप हातभर झालं की उपटून त्याच्या मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात लावायच्या. हीच आवणी. ती थोडक्या दिवसांत उरकावी लागते, कारण रोप राबात जास्त दिवस राहिलं की त्याला कांडं धरतं, मग लावलं तरी फुटवा येत नाही, नुसतं गवत उभं राहतं. म्हणून आमच्यात सावड असते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ज्या घरानं जेवढी माणसं दिली त्या घराला तेवढी मिळतात. ह्या सावडीत माझा एक हट्ट होता, आणि तो गावाला ठाऊक होता. मी आधी द्यायची, मग घ्यायची. दुसऱ्यांच्या आवण्या करून झाल्या की सगळ्यात शेवटी माझी. कुणाचा एक दिवसही माझ्या अंगावर राहिला, असं आजवर झालं नव्हतं. शेजारची चंद्राक्का मला चिडवायची, ही बाई मेल्यावर स्वतःच्या तिरडीलाही आधी खांदा देईल. मी हसायची, पण मनातून मला ते भूषणच वाटायचं.

त्या दिवशी ह्यांनी आमच्या मोठ्या खाचरात पहिला चिखल केला, बैल सोडले आणि अंग धुवायला ओढ्याकडे निघाले. पावसानं बांधाचा दगड सुटला होता. पाय पडला तो थेट खालच्या खाचरात, आणि मांडी दगडावर. मी घरात नाचणीची भाकरी थापत होते. हाक ऐकून धावले तर चिखलात बसलेले, चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणतात, बैल बांधले का बघ. रस्त्यावर दरड होती. गावच्या गड्यांनी घोंगडीची डोली केली, बांबूला बांधली, आणि धो धो पावसात, आळीपाळीनं खांदा बदलत, दरडीवरून पलीकडे नेऊन जीपमध्ये ठेवलं. आपापल्या घरचा चिखल अर्धा टाकून ते आले होते. हे मी तेव्हाच पाहायला हवं होतं, पण मला दिसत होता फक्त ह्यांचा पाय.

संगमनेरच्या दवाखान्यात पायात सळई बसवली. डॉक्टर चांगले होते, पाय वाचला म्हणाले, पण ह्या वर्षी चिखलात उतरायचं नाव काढू नका असंही म्हणाले. मुलगा सिन्नरच्या कंपनीत नवा नवा लागलेला, तो आला, राहिला, आणि रजा संपली तसा गेला. लेक लांब दिली आहे आणि तेव्हा दिवसांत होती. मी खाटेजवळ बसून बाहेरचा पाऊस बघायची आणि मनात राब दिसायचा. आम्ही काळभात करतो. काळ्या टरफलाचा, वासाचा भात, सासूबाईंच्या हातापासून चालत आलेलं बी. ते रोप त्या दिवसांत नेमकं उपटायला आलेलं असणार. भात गेला तर वर्षाचं खाणं जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे बी जाईल, कारण आम्ही बियाणं मागच्या पिकातूनच ठेवतो. गावात दुसरीकडे काळभात उरला नव्हता, लोकांनी लवकर येणारी वाणं धरली होती. आमच्या घराची ती एकच जुनी वस्तू होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोर राबात म्हातारी होत होती.

चंद्राक्कानं देवळाच्या कट्ट्यावर चढून मला फोन केला. म्हणाली, आम्ही येतो तुझ्या आवणीला, तू तिकडंच राहा. मी नको म्हणाले. गावात सावड सुरू होती आणि त्यात माझ्या घरचं एकही माणूस उतरलं नव्हतं. मी दिलंच नाही तर घेऊ कुठल्या तोंडानं? शिवाय पाऊस उशिरा आला होता, प्रत्येकाचं रोप घाईला आलं होतं, माझ्यासाठी कुणाचं तरी मागे पडणार होतं. ती बरीच बडबडली. मी फोन ठेवून दिला. मग दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले, आणि रडता रडता जाखाईला म्हणाले, आता तुला हाक मारणार नाही.

ह्यांना घेऊन घरी आले तेव्हा गावातली आवणी संपत आली होती. सगळी खाचरं हिरवी, आणि मध्ये आमचं मोठं खाचर गढूळ पाण्यानं भरलेलं, वर तण आलेलं. एकटीनं लावायचं ठरवलं तर अर्ध्यावर पोचेपर्यंत रोप हातचं जाणार होतं, हे मला कळत होतं. तरी मी पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं इरलं काढून झटकत होते. तेवढ्यात दवंडी ऐकू आली, उद्या आईची आवणी.

आमच्या गावात जाखाईच्या नावाचं एक खाचर आहे. त्याचं भात तिच्या भंडाऱ्याला लागतं. गावची आवणी उरकत आली की सगळ्यात शेवटी ते लावायचं, आणि तिथं सावड चालत नाही. प्रत्येक घरानं आपल्या राबातल्या उरलेल्या रोपाच्या मुठी आणायच्या, प्रत्येक घरानं लावायला वाकायचं. गावचे भगत लहानूबाबा पहाटे अंघोळ करून जातात आणि खाचराच्या कोपऱ्यात उंबराची फांदी लाल फडकं बांधून रोवतात. फांदी जिथं, तिथून सुरुवात. पुढं बैलांच्या जोड्या चिखल करत जातात, मागं बायका लावत जातात. आणि एक कडक नेम आहे. आईच्या नावानं रोप एकदा मातीत गेलं की उपटायचं नाही, आणि सुरू झालेली आवणी मध्ये थांबवायची नाही.

मी जाणार नव्हते. ह्यांना तसं सांगितलंही. ते खाटेवर पडल्या पडल्या पत्र्यावरचा पाऊस ऐकत होते. जास्त बोलणारा माणूस नव्हे. म्हणाले, "रुसायचं तर रूस. पर मूठ घेऊन रूस. आपल्या घरची मूठ आजपातुर चुकली न्हाई." मग मी उठले. राबात गेले आणि मुठी बांधून पाटी भरली. रोपाला अजून कांडं धरलं नव्हतं, पण पानांची टोकं पिवळी पडायला लागली होती.

सकाळी ढग इतके खाली उतरले होते की अंगणातून गोठा दिसेना. आमच्याकडे श्रावणापर्यंत असे दिवस येतात. आपलाच हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत म्हणा ना. मी पाटी डोक्यावर घेऊन बायकांच्या आवाजामागे गेले. पुढं बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती, गडी हाकारत होते, पण दिसत काहीच नव्हतं. कोपऱ्यावर पोचल्यावर लाल फडकं तेवढं धुक्यात अंधुक दिसलं. लहानूबाबा तिथंच उभे होते. म्हातारा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, अंगावर घोंगडीची खोळ. प्रत्येकीच्या कपाळाला भंडार लावत होते. माझ्याही लावला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांच्या मुठी एका ढिगात पडल्या आणि आम्ही रांग धरून वाकलो.

आईच्या आवणीत गाणी म्हणतात, आणि खाली वाकलेलं डोकं वर करत नाहीत. मी गात नव्हते. हात मात्र चालत होते, आणि चिखलात हात घातले की बाईचं डोकं आपोआप शांत होतं, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. रांग मागं मागं सरकत होती. असं बरंच खाचर लावून झालं असेल. मग वरच्या अंगाला सरकताना माझ्या टाचेला चिखलाखाली धोंडा लागला. चपटा, कडेला कपार असलेला. ह्या धोंड्यानं आमच्या किती फाळांची धार घालवली असेल. सासऱ्यांनी पहार लावली होती, ह्यांनी लावली होती, तो हलला नव्हता. गावात दुसऱ्या कुठल्या खाचरात तो धोंडा असणं शक्य नव्हतं. जाखाईचं खाचर आणि आमचं मोठं खाचर एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड आहेत. लहानूबाबांनी धुक्यात फांदी बांधाच्या चुकीच्या अंगाला रोवली होती, आणि अख्खं गाव आईचं म्हणून माझं खाचर लावत होतं.

मी जागच्या जागी थांबले. हातात मूठ तशीच. खोटं कशाला बोलू, एक क्षण मनात आलं होतं, गप्प राहावं. कुणाला दिसत नाही, कुणाला कळत नाही, माझं वर्ष वाचतंय. पण माझी रग आड आली, आणि आज त्या रगीचंही मला कौतुकच वाटतं. मी कंबर ताठ केली आणि मोठ्यानं म्हणाले, "थांबा समदी. हे आईचं खाचर न्हाई, माझं हाय."

गाणं बंद पडलं. घुंगरं थांबली. धुक्यात कुणाचा चेहरा दिसेना, फक्त पावसाचा आवाज. मग बांधाकडून लहानूबाबांचा आवाज आला, अगदी सावकाश. "फांदी कुठं हाय?"

मी म्हणाले, फांदी इथं आहे, पण चुकली आहे. मी कुणाची आवणी केलेली नाही, माझी कुणी फुकट करू नका.

"तुझी कोन करतंय?" बाबा म्हणाले. "आईच्या नावानं रोप मातीत गेलं. आता ते उपटायचं न्हाई अन् हात थांबवायचा न्हाई. खाली वाक."

मी वाकले. दुसरं काय करणार होते? नेम गावाचा होता आणि मी त्याच गावाची होते. शेजारून चंद्राक्कानं गाणं पुन्हा उचललं आणि बाकीच्या मागोमाग गायला लागल्या. माझ्या डोळ्यांतलं पाणी पावसाच्या पाण्यात मिसळून चिखलात पडत होतं, आणि बरं झालं, धुकं होतं. मी रागानं रडत होते की कशानं, ते मला तेव्हा कळलं नाही. एवढं कळत होतं की इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी मिळत होतं आणि ते नको म्हणायची वाट मला ठेवलेली नव्हती. जीव किती हलका झाला म्हणून सांगू. रांग बांधाला टेकली तेव्हा मीही गात होते, बेसूर, पण गात होते.

दुपारी वारा सुटला आणि ढग एकदम वर सरकले. सगळ्यांनी कंबर धरून मान वर केली. आमचं मोठं खाचर ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत हिरवं झालं होतं, आणि बांधापलीकडे जाखाईचं खाचर मोकळं, पाण्यात आभाळ दिसत होतं. मग एक म्हातारी हसायला लागली आणि हसणं सगळ्या रांगेत पसरलं. बैल हाकणाऱ्या गड्यांना मी विचारलं, तुम्हाला तरी कळायला हवं होतं, रोज ह्या बांधावरून जाता. ते म्हणाले, आम्ही फांदी बघितली, बांध नाही बघितला.

तिथंच बांधावर गावकी बसली. मी सगळ्यांच्या आधी बोलले. म्हटलं, रोप आईच्या नावाचं आहे, तेव्हा ह्या खाचरात जे पिकेल ते आईचं. मी एक दाणा घरी नेणार नाही. लहानूबाबांनी मला बसायला सांगितलं. ते म्हणाले, आधी आईचं खाचर रिकामं आहे त्याचं बघू, रोप कुणाकडे आहे? बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्यांनी आपले राब झाडूनपुसून आणले होते. गावात त्या घटकेला भरलेला राब एकच होता. माझा. काळभाताचा. जो मी जीव टाकून वाचवू बघत होते आणि ज्याला आता लावायला जागा उरली नव्हती.

मी मान डोलावली. आईच्या खाचरात माझं रोप जाणार, माझ्या खाचरात आईचं. बाबा म्हणाले, ज्याच्या मातीत जे पिकेल ते त्याचं, झाला निवाडा. पण माझं मन धजेना. देवीच्या नावानं लावलेलं भात आपण रोज शिजवून खायचं, पोरांना वाढायचं, कोंबड्यांना टाकायचं, हे कसं चालेल? मी तसं विचारलं. त्यांनी मोतीबिंदूचे डोळे माझ्याकडे वळवले.

"देवळात परसाद घेतीस का न्हाई?"

"घेते की."

"मंग हा बी घे."

देवळात मी दोन्ही हात पुढे करते, आणि तिथं कधी म्हणाले नव्हते की आधी मी देईन मग घेईन. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की पाय दुखायला लागला. मग डोळे पुसून म्हणाले, चला, काळभात आईच्या खाचरात गेला म्हणजे बी शाबूत राहिलं. भंडाऱ्याआधी बाबांकडून पायलीभर बियाणं मागून घे. मी म्हटलं, मागून? ते म्हणाले, व्हय, मागून.

दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा उतरलं. आईच्या आवणीला सावड नसते, त्यामुळे सगळेच आले. माझा राब सकाळी रिकामा झाला आणि संध्याकाळच्या आत आईचं खाचर उभं राहिलं. पावसानं त्या दिवशी उघडीप दिली होती, ऊन पडलं होतं, आणि मी रांगेत मध्यभागी होते. रोप पिवळं पडायला लागलं होतं ते त्या मातीत आठवड्याच्या आतच सावरलं. रोज झऱ्यावर जाताना मी बांधावर थांबून दोन्हीकडे बघायची. अबोला कधी सुटला ते सांगता येत नाही. एका सकाळी घागर खाली ठेवली आणि जाखाईला म्हणाले, ह्यांना आज काठीनं दारापर्यंत चालवलं. जणू कालच बोलणं झालं होतं.

पीक आलं तेव्हा मात्र माझी धांदल उडाली. माझ्या खाचरात अख्ख्या गावची वाणं होती. कुठं लवकर पिकणारं, कुठं गरवं, एक गुडघ्याएवढं तर शेजारचं छातीएवढं. एक लोंबी पिवळी झालेली, तिच्या बाजूची दुधात. असं भात कापायचं कसं? मला रोज विळा घेऊन पिकलं तेवढं निवडून कापावं लागलं. येणारीजाणारी बांधावर उभी राहून सांगायची, ते बुटकं माझ्या घरचं बरं का, ते तांबूस आमचं. कुणाची लोंबी जड, ह्यावर हुज्जत व्हायची. मी वैतागायची आणि मनातल्या मनात हरखायची. त्या वर्षी आमच्या घरात जो भात शिजला तो एका वाणाचा नव्हता. एक शीत मऊ, एक फडफडीत. प्रत्येक घासात गावातलं प्रत्येक घर होतं. हे जेवताना बोलायचे, आज चंद्राक्का जरा कच्ची राहिली. लेक बाळंतपणाला आली तेव्हा तिला मी तोच भात भरवला. बाळ-बाळंतीण सुखरूप झाली.

आणि बांधापलीकडे जाखाईचं खाचर. काय सांगू त्याचं रूप. एकसारखं, काळं, एका उंचीचं, वारा आला की सगळं एकदम वाकायचं. मार्गशीर्षात भंडारा झाला तेव्हा देवळाच्या आवारात तपेली चढली आणि वास वरच्या वाडीपर्यंत गेला. तिथली माणसं बोलावण्याआधीच खाली आली. किती वर्षांत गावानं काळभात खाल्ला नव्हता. म्हाताऱ्यांनी पानात भात घेतला आणि आधी नुसता नाकाशी धरला. हे काठी टेकत आले होते. त्यांना भिंतीला टेकून बसवलं आणि पहिलं पान त्यांच्यापुढे वाढलं. माझ्या सासूबाईंचं बी त्या दिवशी आईच्या पानात आणि गावाच्या पोटात गेलं. मी वाढणाऱ्यांत होते. अभिमान देवाला आवडत नाही म्हणतात. त्या दिवशी माझी छाती इतकी भरून आली होती, आणि मला नाही वाटत जाखाईला त्यात काही वावगं वाटलं. पंगती उठल्यावर घराघरांतून बायका आल्या, पुढच्या वर्षाला काळभाताचं थोडं बी मिळेल का म्हणून. मी त्यांना बाबांकडे पाठवलं. तिथं आधी मीच पदर पसरून उभी होते.

फांदी चुकून रोवली की मुद्दाम, हे मी लहानूबाबांना विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. चंद्राक्काला एकदा खोदून विचारलं, तुम्हा सगळ्यांना आधीच ठाऊक होतं का? तिनं जाखाईची शपथ घेऊन सांगितलं, धुक्यात मला माझा हात दिसत नव्हता. ती शपथ खोटी घेणारी बाई नाही. पण सांगताना तिचे डोळे हसत होते, तेही खरं. तुम्हाला काय समजायचं ते समजा. माझ्यापुरतं म्हणाल तर माणसांनी केलं की आईनं केलं, हा फरक मला त्या दिवसापासून करता येत नाही.

त्या वर्षानंतर ह्यांचा पाय सुधारला, पण चिखलातला राहिला नाही. नव्या पावसाळ्यात रोप तयार झालं. मी एकटी दुसऱ्यांच्या सावडीला गेले असते तरी घराचे दिवस पुरे पडणार नव्हते. एका दुपारी मी चंद्राक्काच्या ओट्यावर जाऊन बसले. बराच वेळ पावसावर, म्हशीवर, नातवावर बोलले. ती सुपारी कातरत होती आणि काही विचारत नव्हती. शेवटी मी मान वर केली आणि म्हणाले, "आक्का, परवा माझ्या आवणीला ये. बाकीच्यांना बी सांग. मी अजून कुनाकडं गेले न्हाई, मला जमतील तसे दिवस देईन. आधी तुमी या."

तिनं अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं आता चिडवणार. पण ती उठली, आत गेली आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आमच्याकडे नवी सून पहिल्यांदा घरात येते तेव्हा तिच्या हातावर असा गूळ ठेवतात. म्हणाली, "आज आलीस बाई तू गावात."

इतकी वर्षं ह्या गावात राहिले, राबले, त्याचा ताठा मिरवला, आणि आपण अजून उंबऱ्याबाहेरच उभ्या आहोत हे मला माहीत नव्हतं. आई जाखाई, मला आत घ्यायला तुला एवढं धुकं उतरवावं लागलं. ठरल्या दिवशी माझ्या खाचरात सगळं गाव होतं. मी कुणाचे दिवस मोजले नाहीत. आता मी कुणापुढं हात करते तेव्हा माझी मान खाली जात नाही.